चांगल्या मेंढ्यांच्या लेंड्या

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य आहे : 'सर्व नमुने संशोधकाने स्वतः काळजीपूर्वक गोळा केले.' प्रबंध पुण्याच्या एका ग्रंथालयात काळ्या रेक्झिनच्या बांधणीत उभा आहे. तो कुणी उघडत नाही, म्हणून ते वाक्य अजून सुखरूप आहे. आज मीच उघडून दाखवतो. पहिले वीस नमुने एका आजींनी गोळा केले होते. मी त्या वेळी बाभळीखाली बसून चहा पीत होतो. दुसरा कप.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. मी बारामतीचा, पण पीएच.डी. पुण्यात करत होतो. म्हणजे शनिवार-रविवार घरी येऊन आईच्या हातचं जेवायचं आणि उरलेले पाच दिवस शिष्यवृत्तीला जागण्याचा प्रयत्न करायचा. विषय होता, जनावरांच्या पोटातले जंत डीएनएवरून ओळखणे. गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या, "काय करतो हो मुलगा?"

"संशोधन."

"कशावर?"

"दूध उतू जातंय वाटतं," म्हणून आई आत जायची.

विषय वाटतो तितका घाण नव्हता, आणि मी सांगत फिरायचो तितका थोरही नव्हता. मेंढीच्या पोटात जंत झाले की त्यांची अंडी लेंडीतून बाहेर पडतात. दवाखान्यातले डॉक्टर ती अंडी काचेखाली बघतात. पण बऱ्याच जंतांची अंडी इतकी सारखी असतात, की कुठल्या जंताचं कुठलं, हे अंड्यालाही सांगता येऊ नये. आमचं म्हणणं असं, की अंड्यातला डीएनए काढायचा, त्याच्या एका तुकड्याच्या यंत्रात लाखो नकला करायच्या आणि त्या तुकड्यातली अक्षरं वाचायची. अक्षरं चारच. पण त्यांचा क्रम प्रत्येक जंताचा आपापला, अंगठ्याच्या ठशासारखा. ती अक्षरं एक्स-रेच्या फिल्मवर काळ्या पट्ट्यांच्या शिडीसारखी उमटायची आणि मी ती खालून वर, एकेक पायरी बोट ठेवून वाचायचो. दोनअडीचशे अक्षरं वाचून व्हायला तीन आठवडे लागत. मध्येच वीज गेली तर पुन्हा श्रीगणेशा.

आमचे मार्गदर्शक सर वर्षानुवर्षं बाटलीत ठेवलेल्या जंतांवर हे सगळं करत आले होते. बाटलीतला जंत शहाणा असतो. त्याच्यावर नाव लिहिलेलं असतं. त्या वर्षी गणपतीच्या सुमारास सर म्हणाले, "आता खरी मेंढी बघ. तू तिकडचाच ना?"

बारामतीच्या माणसाला मेंढी कळते, असा पुण्यात समज आहे. मी तो दूर केला नाही.

इंदापूरच्या बाजूला जनावरांचे एक डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "अरे, वेळेवर आलास. शेळगावला एक आबा आहेत. चाळीसभर मेंढ्या. पावसाळा लागल्यापासून मरतायत. जंताचं औषध दोनदा दिलं. लेंडी तपासली, थोडी अंडी दिसली, पण एवढ्यानं मेंढी मरायला नको. तुझं ते डीएनए काय म्हणतं बघ."

माझं ते डीएनए अजून कुणाला काहीच म्हणालेलं नव्हतं. पण मी वडिलांची जुनी मोपेड काढली, डिकीत प्लॅस्टिकच्या वीस नळ्या टाकल्या, खिशाला पेन लावला आणि निघालो. पेन दोन लावले होते. संशोधक आहे हे लांबून कळावं म्हणून.

आबा सत्तरीचे असावेत. उंच, वाळलेले. समोरच्या माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या मागं मेंढरू तर नाही ना, हे बघणारे. एके काळी घराण्याची दोनशे मेंढरं होती. मग कालव्याचं पाणी आलं, थोरल्या मुलानं ऊस केला, साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी धरली, आणि मेंढरं उरली ती एकट्या आबांच्या हट्टापुरती. तो थोरला त्या दिवशी घरीच होता. कामावर निघाला होता, सायकल धरून उभा.

"ह्ये काय करनार?" त्यानं डॉक्टरांना विचारलं. माझ्याकडे बघून, पण डॉक्टरांना.

"हे पुण्याला तपासणार. अगदी मुळापासून."

"तपासा. आबास्नी सांगितलंय म्या. दिवाळीपातूर बगायचं. पाडव्याला मेंढरं पुजायची, आन् मरायची थांबली न्हाईत तर भाऊबीज झाली की व्यापारी येतोय. समदी एकदम द्यायची. रोज एक वढत न्हेऊन पुरायची, त्यापरीस बरं."

"आबा काय म्हणाले?"

"बरं म्हनाले."

आबा तिथंच उभे होते. ते पुन्हा म्हणाले, "बरं."

एका शब्दात माणूस केवढा मोडतो हे त्या वेळी मला कळलं नाही. मी वहीत तारीख लिहीत होतो.

थोरला गेल्यावर मी आबांची मुलाखत घ्यायला बसलो. छापील प्रश्न होते माझ्याकडे. मेंढ्या कुठं चरतात? खातात काय? लक्षणं काय? आबा सांगत होते. आधी मलूल होती, लोकर सुटती, मग हनुवटीखाली पान्याची पिशवी धरती, मग बसती ती उठत न्हाय. मी लिहीत होतो. एवढ्यात ते म्हणाले, "योक मेली तवा म्या फाडून बगितली. काळजात पानं हुती."

"पानं?"

"लिंबाच्या पानागत. चपटी. वळवळत हुती."

मी हसलो. शिकलेला माणूस हसतो तसं, ओठ न उघडता. म्हटलं, "आबा, पान खाल्लं तर ते पोटात जातं. काळजात कसं जाईल?"

"त्येच म्या इचारतोय," आबा म्हणाले.

काळीज म्हणजे इकडे यकृत, एवढं मला ठाऊक होतं. मी वहीत लिहिलं : 'मालकाच्या मते यकृतात पाने.' आणि पुढे कंसात लिहिलं : 'अप्रस्तुत.' ती वही अजून माझ्याकडे आहे. अक्षर फार सुंदर आहे.

मग नमुने. मी नळ्या घेऊन कळपाकडे चार पावलं टाकली, तर कळपातला एडका, म्हणजे त्या सगळ्या बायकांचा एकुलता एक नवरा, मान खाली घालून माझ्याकडे बघू लागला. मी पाच पावलं मागं आलो. आबांच्या मंडळी, म्हणजे आजी, दारातून हे बघत होत्या. त्या लगबगीनं आल्या. "आवं पावनं, तुमी कशापाय घानीत हात घालताय? द्या हिकडं. किती भरायच्या?"

"वीस. प्रत्येक नळीत वेगळ्या मेंढीची हवी हं आजी."

"व्हय व्हय. तुमी च्या घ्या."

नियम असा होता, की नमुना संशोधकानं स्वतः घ्यायचा, आजारी जनावराचा, ताजा. नियम मला पाठ होता. मी चहा घेतला. अर्ध्या तासात आजींनी वीसच्या वीस नळ्या आणून दिल्या. प्रत्येकीत चार-पाच लेंड्या. गोल, काळ्याभोर, चकचकीत, पावट्याच्या दाण्यासारख्या एकसारख्या.

"वा आजी! काय सुंदर नमुने आहेत!" मी म्हणालो.

आजी लाजल्या. त्या का लाजल्या हे पुढे यायचं आहे.

लेंड्या बारामतीला घरी आणल्या. दुसऱ्या दिवशी रविवार, सोमवारशिवाय प्रयोगशाळा उघडणार नाही, आणि नमुने थंड तर ठेवायला हवेत. मी त्या नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवल्या. संध्याकाळी आईनं लोणचं काढायला दार उघडलं.

"हे काय?"

"नमुने."

"कशाचे?"

मी सांगितलं. आईनं लोणच्याची बरणी बाहेर काढली, दही बाहेर काढलं, नैवेद्यासाठी ठेवलेले मोदक बाहेर काढले, आणि अख्खा फ्रीज माझ्या हवाली करून म्हणाली, "आता तुझं शिक्षण मावेल त्याच्यात."

पुढचे तीन आठवडे मी पुण्यात चाळणीवर लेंड्या धुतल्या, अंडी वेगळी केली, ती फोडली, यंत्र चालवलं. वीज दोनदाच गेली. शेवटी फिल्म धुऊन उजेडासमोर धरली आणि हरखून गेलो. शिडी अशी स्वच्छ, की पाठ्यपुस्तकात छापावी! प्रत्येक पायरीवर एक अक्षर. सगळी अक्षरं एका जंताशी जुळत होती. पोटात राहणारा, रक्त पिणारा, गोल, केसासारखा बारीक जंत. सर फिल्म बघून म्हणाले, "व्हेरी क्लीन." सरांच्या तोंडून कौतुकाचे दोन शब्द एकदम निघालेले मी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

मी शेळगावला गेलो तो वऱ्हाडातल्या मुलाकडच्या माणसासारखा. डॉक्टर, आबा, आजी आणि दोन शेजारी यांना समोर बसवून मी अर्धा तास बोललो. डीएनए काय असतो, अक्षरं काय असतात, काचेखाली अंडी कशी फसवतात. शेजाऱ्यांपैकी एकाला झोप लागली. शेवटी मी जाहीर केलं, की जंत एकच आहे, अमुक आहे, आणि त्याच्यावर अमुक औषध जास्त जोरात द्यायचं. डॉक्टरांनी ते औषध दिलं.

"मंग ती पानं?" आबांनी विचारलं.

"आबा, पान विसरा," मी म्हणालो.

"बरं."

दसऱ्यानंतर डॉक्टरांचा घरी फोन आला. चार अजून गेल्या. आधीच्या पाच धरून नऊ. औषध देऊन पंधरा दिवस झाले होते आणि हनुवटीखालच्या पिशव्या तशाच होत्या.

मला आधी काय वाटलं सांगू? मेंढ्यांचा राग आला. इतकी स्वच्छ फिल्म, आणि ह्या मरतायत!

मी पोचलो तेव्हा थोरला गोठ्याशी उभा होता. या वेळी तो थेट माझ्याशी बोलला.

"या साह्येब. पुन्याची अक्षरं काय म्हनत्यात? मेंढरास्नी वाचाय येत न्हाईत म्हनून मरत असतील."

"औषध बरोबर दिलं होतं ना?" मी विचारलं.

"दिलं की. आबांनी रातचं जागून एकेकीच्या तोंडात घातलं. औषीदबी मुळापासनंच हुतं न्हवं तुमचं?"

आबा बाजूला बसून एका मेंढीच्या हनुवटीखाली हात धरून होते. पाण्यानं भरलेली ती पिशवी तळहातावर तोलून धरली होती त्यांनी, जणू तेवढंच ओझं तिचं कमी होईल. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

"पुन्हा नमुने घ्यावे लागतील," मी म्हणालो. "आजी, मागच्या वेळेसारखेच..."

आजींनी पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाल्या, "त्याच मेंढ्यांच्या देऊ व्हय?"

"त्याच म्हणजे?"

"ज्या त्या टायमाला दिल्या. चांगल्या मेंढ्यांच्या."

सगळे आजींकडे बघायला लागले. आजी आता चांगल्याच घाबरल्या. "आवं, पावनं पुन्यास्नं आलेलं. त्येंच्या हातात रोगी मेंढीचं मऊ, चिकाट, घान वास मारनारं द्यायचं व्हय? लोक काय म्हनतील? म्या आपल्या निवडून निवडून चांगल्या मेंढ्यांच्या दिल्या. धाकल्या पाच-सा हायत्या, कवा आजारी न्हाय पडल्या. त्येंच्याच समद्या नळ्या भरल्या. पावन्यानी बगून म्हनलं बी, लई सुंदर हायत्या म्हनून."

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "आजी, मला दिल्या होत्या त्या?"

"तुमालाबी चांगल्याच दिल्या की, डाक्टर."

मी आणि डॉक्टर, दोघं पदवीधर. एकानं दोनदा औषध दिलं, दुसऱ्यानं तीन आठवडे घालवून वीस नळ्यांतून पाच निरोगी मेंढ्यांचं भविष्य वाचलं. पाव्हण्याला धान्यातलं उत्तम धान्य द्यावं, परडीतलं उत्तम वांगं द्यावं, तशी त्या बाईनं आम्हाला घरातली उत्तम लेंडी दिली होती. चूक तिची म्हणायची, तर मग चहा कुणी घेतला होता?

थोरला आधी हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "पंधरा दिस ऱ्हायल्यात दिवाळीला."

त्या दिवशी मी कळपात शिरलो. पिशवी धरलेल्या एकेका मेंढीमागं थांबून, वाकून, स्वतःच्या हातानं नमुने घेतले. मऊ, चिकट, आजींनी सांगितल्याप्रमाणं घाण वास मारणारे. एडक्यानं आपलं कर्तव्य केलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर जिथं बसलं तिथं जांभळा डाग तीन आठवडे होता. आजींनी धावत येऊन हळद लावली आणि विचारलं, "आता रागावला न्हाय न्हवं?"

पुण्यात या वेळी वीज एकदाही गेली नाही, हातही बसला होता; तीन आठवड्यांचं काम मी रात्री प्रयोगशाळेतच काढून दोन-तीन दिवसांत उरकलं. फिल्म धुतली, उजेडासमोर धरली, आणि खुर्चीत बसलो. शिडीचा नुसता चिखल होता. पहिल्या काही पायऱ्या ठीक, मग प्रत्येक पायरीवर दोन-दोन अक्षरं. एकाच माइकवर दोन पुढारी एकदम वेगवेगळी भाषणं करायला लागले तर जसं ऐकू येईल, तसं दिसत होतं.

सर म्हणाले, "डर्टी. पुन्हा कर."

पुन्हा केलं. तसंच. सर म्हणाले, "नळ्या नीट धू." धुतल्या. पुन्हा केलं. तसंच. दिवाळीची सुट्टी आठ दिवसांवर आली होती. मी तिन्ही फिल्म एकावर एक ठेवून खिडकीला धरल्या. सरांना दाखवायच्या आधी सगळ्यात कमी घाण कुठली हे ठरवायचं होतं. पण तिन्ही बरोबर एकावर एक बसल्या. पहिलीत जिथं दोन अक्षरं, दुसरीत तिथंच दोन, तिसरीतही तीच दोन.

माझ्या हातानं होणारी घाण इतकी शिस्तीची कधीच नसते. माझी घाण दरवेळी वेगळी असते, ते मला माझ्या खोलीवरून माहीत होतं. म्हणजे हा चिखल मेंढीच्या पोटातूनच आला होता. दोन पुढारी खरोखरच दोन होते. एका मेंढीत दोन जंत.

मी दोघांचे तुकडे वेगळे केले आणि वेगळे वाचले. एक आपला जुना, रक्त पिणारा, केसासारखा. दुसऱ्याची अक्षरं आमच्या यादीत कुठंच बसेनात. मग प्रयोगशाळेतल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर, फोनच्या तारेतून किंचाळत जोडणाऱ्या त्या इंटरनेटवरून, ती अक्षरं परदेशातल्या मोठ्या संग्रहाकडे पाठवली. उत्तर आलं. काळजात राहणारा जंत. पुस्तक काढून चित्र बघितलं.

चपटा. कडुलिंबाच्या पानासारखा.

पुस्तक तसंच उघडं ठेवून मी खिशातली वही काढली. 'अप्रस्तुत' हा शब्द कंसात फार नीटनेटका बसला होता.

पहिल्या जंताचं कितीही जोराचं औषध दिलं तरी या पानाला त्याची फिकीर नसते. त्याला वेगळं औषध लागतं. आणि हे पान मेंढीत येतं कुठून, तेही पुस्तकात होतं. पाणथळ जागेतल्या बारक्या गोगलगाई. त्यांच्या अंगातून ते गवतावर येऊन चिकटतं आणि मेंढी ते गवत खाते. हे सगळं त्या पुस्तकात मी जन्मायच्या आधीपासून छापलेलं होतं. पान चौऱ्याऐंशी.

वसुबारसेच्या दिवशी शेळगावला गेलो. या वेळी कुणाला समोर बसवलं नाही. खिशाला पेन एकच होता. डॉक्टर नवं औषध घेऊन आले होते. थोरलाही होता, व्यापाऱ्याला त्यानं निरोप धाडला होता, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता.

मी सांगितलं. दोन जंत आहेत. एकाला औषध दिलं, दुसरा तसाच राहिला.

"मागल्या टायमालाबी तुमी असंच म्हनला हुता," थोरला म्हणाला. "एक हाय म्हनून. आता दोन. फुडल्या बारीला तीन म्हनशीला."

बरोबर होतं त्याचं. मग जे सांगायला मी बारामतीपासून मोपेडवर तोंडातल्या तोंडात पाठ करत आलो होतो ते सांगितलं. "चूक माझी झाली. नमुने मी घेतले नाहीत, चहा घेत बसलो. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काळजात पानं आहेत म्हणून. मी हसलो. तीच पानं आहेत. पुण्यात दीड महिना घालवून मी जे शोधलं ते आबांनी चाकूनं एका मिनिटात बघितलं होतं."

थोरल्यानं वडिलांकडे बघितलं. आबा माझ्याकडे बघत होते, पण खूश वगैरे काही दिसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग पोटातलं काळजात जातंय कसं?"

"जातं आबा. आतड्याला भोक पाडून जातं."

"आसं," आबा म्हणाले. त्यांचा प्रश्न पहिल्या दिवसापासून तोच होता. उत्तर मी आता दिलं होतं.

"आन् येतंय कुठनं?" हे थोरल्यानं विचारलं.

मी गोगलगाईचं सांगितलं. कुठं पाणी साचून राहतं, पाझर असतो, हिरवं लुसलुशीत गवत असतं... सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की आबा खाली बघतायत आणि आजी थोरल्याकडे बघतायत.

कालव्याच्या कडेला, थोरल्याच्या उसाच्या शेवटी एक पट्टा होता. पाझरामुळं त्यात ऊस येत नव्हता, गवत मात्र कमरेएवढं. मागच्या उन्हाळ्यापासून थोरलाच म्हणायचा, "आबा, लांब माळावर कशाला हिंडताय या वयात? घरचं गवात हाय, हितंच चारा." म्हाताऱ्याच्या पायांची काळजी म्हणून. आबा तेव्हाही 'बरं' म्हणाले होते.

आम्ही सगळे त्या पट्ट्यात गेलो. थोरल्यानं चिखलात हात घालून मूठ काढली आणि उघडली. तळहातावर मुगाएवढ्या, हरभऱ्याएवढ्या गोगलगाई. त्यानं बोटानं दोन-तीन उलटून बघितल्या. मग मूठ झटकली आणि सायकलकडे चालायला लागला.

"कुठं रं?" आजींनी हाक मारली.

"टेम्पो नको म्हनून सांगून येतो," तो मागं न बघता म्हणाला. आणि मग थोडं पुढं जाऊन, आमच्यापैकी कुणाला तरी, "म्हैनाभर बगू आजून."

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी आणि आबांनी उरलेल्या एकतीस मेंढ्यांना औषध पाजलं. मी मेंढ्यांची तोंडं धरली. अर्धं औषध माझ्या शर्टावर होतं. माझ्या काळजात त्यानंतर कधी पान झालं नाही. पाडव्यानंतर आबा कळप घेऊन कळस गावाच्या बाजूच्या माळावर गेले. कोरडं गवत, दगड आणि वारा. गोगलगाय तिथं उन्हानंच मरते.

डॉक्टर आणि मी रस्त्यापर्यंत चालत आलो. ते म्हणाले, "एक मेलेली मेंढी जरी मी स्वतः फाडून बघितली असती ना..."

"आणि मी ऐकलं असतं."

"मग तुझा प्रबंध झाला नसता."

तेही खरं. प्रबंध झाला. 'एकाच जनावरातील मिश्र जंतसंसर्गाची डीएनएच्या क्रमावरून ओळख' असं त्या प्रकरणाचं नाव आहे. परीक्षकांनी विचारलं, मिश्र संसर्ग असावा अशी शंका तुम्हाला प्रथम कशी आली? मी म्हणालो, क्षेत्रभेटीतील निरीक्षणातून. परीक्षकांनी मान डोलावली. निरीक्षण कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही आगाऊपणा केला नाही.

पण शेळगावला परत जायचं धाडस मला होत नव्हतं. औषध लागू पडलं नसेल तर? आणखी दहा गेल्या असतील तर? थोरल्यानं महिनाभर म्हटलं होतं. महिना होऊन गेला, दुसराही गेला. फोन करायला डॉक्टरांचा नंबर होता. मी केला नाही. जे यंत्राला विचारायची हिंमत होती ते माणसाला विचारायची नव्हती.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी मी बारामतीला घरी आलो, तर आई दारातच उभी. "इंदापूरच्या गाडीचा कंडक्टर देऊन गेला," ती म्हणाली. हातात पेढ्यांचा खोका होता, सुतळीनं चारी बाजूंनी बांधलेला. आईच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी माझ्या शिक्षणाबद्दल बरं काहीतरी दिसत होतं. "कोण तुझे ते आबा. किती चांगली माणसं! पेढे पाठवले."

आईनंच सुतळी सोडली. झाकण उघडलं. मग झाकण लावलं आणि खोका माझ्या हातात देऊन हात धुवायला गेली.

खोक्यात लेंड्या होत्या. कागदाच्या एकतीस पुड्या, ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक पुडीत चार-पाच. गोल, काळ्याभोर, चकचकीत. वर कारखान्याच्या काट्याची एक कोरी पावती होती, तिच्या मागच्या बाजूला थोरल्याचं मोठं, कोपरेदार अक्षर :

'आईनं निवडून दिल्या न्हाईत. समद्यांच्या हायत. निवडायला वाईट ऱ्हायली न्हाय.'

आतून आईचा आवाज आला, "फ्रीजमध्ये ठेवशील तर याद राख."